क्यूबिट मोजण्याआधी: दोन क्वांटम संगणकांची तुलना टप्प्याटप्प्याने

४ डिसेंबर २०२३ रोजी आयबीएमने एकाच कार्यक्रमात दोन क्वांटम चिप जाहीर केल्या. कॉन्डॉर ११२१ क्यूबिटची आणि हेरॉन १३३ क्यूबिटची. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक, नेहमीच्या संगणकातल्या बिटसारखा. मथळे कॉन्डॉरला मिळाले. कंपनीने मात्र आपल्या नव्या यंत्रात बसवली ती हेरॉन, आणि पुढची वाटचालही तिच्याच पायावर सुरू ठेवली. कॉन्डॉरची कामगिरी ४३३ क्यूबिटच्या जुन्या ऑस्प्रेइतकीच असल्याचं कंपनीनेच सांगितलं होतं. हेरॉनमध्ये चुकांचं प्रमाण आधीच्या पिढीपेक्षा कितीतरी कमी होतं.

तरीही 'क्यूबिट जास्त म्हणजे संगणक भारी' हा हिशेब काही सुटत नाही. एका रकान्यात यंत्राचं नाव, दुसऱ्यात क्यूबिट, मग उतरता क्रम लावला की झाली तुलना. अशी कोष्टकं विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात असतात आणि जाणकारांच्या लेखांतही. त्यातून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. क्यूबिटची संख्या बिनकामाची आहे असं माझं म्हणणं नाही. पण तिचा क्रमांक बराच मागे लागतो, आणि आधीच्या पायऱ्या गाळल्या तर तिला काही अर्थ उरत नाही. तो क्रम खाली दिला आहे.

## तयारी: कोष्टक आखण्यापूर्वी

प्रश्न एका वाक्यात लिहा. 'कोणता संगणक चांगला?' याला उत्तर नाही. 'तीस क्यूबिटचं, पन्नास थरांचं सर्किट कोणत्या यंत्रावर भरवशाने चालेल?' याला आहे. (सर्किट म्हणजे क्यूबिटवर क्रमाने करायच्या क्रियांची मांडणी; एकाच वेळी होणाऱ्या क्रियांचा एक थर.) 'आरएसए-२०४८ फोडण्यापासून कोण किती दूर?' यालाही आहे. (आरएसए-२०४८ ही माहिती गुप्त ठेवण्याची एक पद्धत.) पण या दोन प्रश्नांना लागणारे आकडे पूर्णपणे वेगळे आहेत. प्रश्न न ठरवता आकडे गोळा करायला बसलात, तर जो आकडा सहज सापडतो तोच कोष्टकात जातो, आणि सगळ्यांत सहज सापडतो तो क्यूबिटचा.

मूळ आकडे शोधा. प्रसिद्धिपत्रकात क्यूबिटची संख्या पहिल्या ओळीत असते आणि त्रुटीदर, म्हणजे दर क्रियेमागे चूक होण्याची शक्यता, असलाच तर तळाशी. त्रुटीदर मिळतात ते यंत्राच्या तांत्रिक माहितीपत्रकात, क्लाउडवर उघड ठेवलेल्या कॅलिब्रेशनच्या (यंत्र जुळवून घेताना केलेल्या मोजमापांच्या) नोंदीत, किंवा शोधनिबंधात आणि त्याच्या पुरवणीत. पुरवणी वाचायचा कंटाळा करू नका. कामाच्या गोष्टी तिथेच असतात.

घातांक काढणारं कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. गुणाकार आणि घात, एवढंच गणित लागेल.

तपासणी: एखाद्या यंत्राचा दोन-क्यूबिट गेटचा, म्हणजे दोन क्यूबिटवर एकदम होणाऱ्या क्रियेचा, त्रुटीदर कुठेच सापडत नसेल, तर ते यंत्र तुलनेतून बाजूला काढा. 'माहिती अपुरी' अशी वेगळी यादी करा. अंदाजाने रकाना भरू नका.

## टप्पा १: यंत्राची जात ओळखा

'क्वांटम संगणक' या एका नावाखाली मुळात वेगळी असलेली यंत्रं येतात. जाती वेगळ्या असतील तर तुलना इथेच थांबवायची.

गेट-आधारित यंत्रावर तुम्ही एकामागून एक क्रिया लावून सर्किट रचता. आयबीएम, गूगल, क्वांटिन्युअम, आयॉनक्यू यांची यंत्रं या जातीची. क्वांटम ॲनीलर वेगळं असतं. त्याला एक ऊर्जेचं समीकरण दिलं जातं आणि ते कमीत कमी ऊर्जेच्या अवस्थेकडे सरकत जातं. डी-वेव्हचं ॲडव्हान्टेज हे २०२० मधलं यंत्र या जातीचं, आणि त्यात ५००० हून अधिक क्यूबिट आहेत. त्यावर शोरचं अल्गोरिदम (मोठ्या संख्यांचे अवयव पाडून आरएसए फोडू शकणारी पद्धत) गेटच्या सर्किटसारखं चालवता येत नाही. म्हणून 'डी-वेव्हकडे पाच हजार आणि गूगलकडे शंभर' या वाक्याला काही अर्थ नाही. तिसरी जात ॲनालॉग सिम्युलेटरची, म्हणजे एखाद्या भौतिक प्रणालीची थेट नक्कल करणाऱ्या यंत्रांची. क्युएराचं ॲक्विला हे २५६ अणूंचं यंत्र याचं उदाहरण. चौथी जात प्रकाशकणांच्या सॅम्पलिंग यंत्रांची. चीनच्या जिउझांगच्या २०२० च्या प्रयोगात ७६ फोटॉनपर्यंत नोंद झाली होती. ते ७६ क्यूबिट नव्हेत, पण कितीतरी ठिकाणी तसं छापलं जातं.

ॲनीलरची ॲनीलरशी तुलना करतानाही सावध राहा. डी-वेव्हच्या २०००क्यू यंत्रात २०४८ क्यूबिट होते, पण प्रत्येक क्यूबिट जास्तीत जास्त सहा शेजाऱ्यांना जोडलेला. प्रत्येक चल प्रत्येक दुसऱ्या चलाशी जोडलेलं असेल असा प्रश्न त्यावर बसवायचा तर एका चलासाठी क्यूबिटची साखळी बांधावी लागते. मग २०४८ क्यूबिटमध्ये मावतात जेमतेम ६४ चलं. ॲडव्हान्टेजमध्ये शेजारी पंधरा झाले, म्हणून साखळ्या आखूड झाल्या. तिथला खरा फायदा क्यूबिटच्या वाढीइतकाच या जोडण्यांचा आहे.

इशारा: वेगळ्या जातीची यंत्रं एकाच आलेखावर मांडू नका, खाली तळटीप देऊनही नाही. तळटीप कुणी वाचत नाही, आलेख मात्र पुढे पाठवला जातो.

## टप्पा २: आकडा नेमका कशाचा, ते विचारा

जात एक असली तरी 'क्यूबिट' म्हणून दिलेला आकडा चार-पाच वेगळ्या गोष्टींचा असू शकतो.

* चिपवर घडवलेले आणि त्यांपैकी चालणारे. गूगलच्या सिकॅमोर चिपवर ५४ क्यूबिट होते. एक नीट चालत नव्हता. २०१९ चा गाजलेला प्रयोग ५३ वर झाला.
* वापरकर्त्याला मिळणारे. चालू असलेले सगळे क्यूबिट तुमच्या कामाला मोकळे असतीलच असं नाही.
* नुसते धरून ठेवलेले. न्यूट्रल ॲटम पद्धतीत, म्हणजे विद्युतभार नसलेले अणू क्यूबिट म्हणून वापरतात तिथे, फार गोंधळ होतो. ॲटम कॉम्प्युटिंगने ऑक्टोबर २०२३ मध्ये १२२५ जागांच्या जाळीत ११८० अणू बसवल्याचं जाहीर केलं. कॅलटेकच्या गटाने २०२५ मध्ये ६१०० अणू लेझरच्या चिमट्यांत धरले आणि त्यांची क्वांटम अवस्था काही सेकंद टिकवून दाखवली. ही कामं मोलाची आहेत. पण हजारो अणू स्थिर धरणं आणि त्या सगळ्यांवर लांबलचक सर्किट चालवणं यांत मोठं अंतर आहे.
* लॉजिकल. अनेक भौतिक क्यूबिट एकत्र बांधून, चुका पकडत चालवलेला एक क्यूबिट. त्यासाठी सातवा टप्पा स्वतंत्र ठेवला आहे.

उलट बाजूही लक्षात घ्या. यंत्रात असलेले सगळे क्वांटम घटक क्यूबिट म्हणून मोजले जात नाहीत. क्वांटिन्युअमच्या एच-२ यंत्रात यटर्बियमचे आयन क्यूबिटचं काम करतात आणि त्यांच्या जोडीला असलेले बेरियमचे आयन त्यांना थंड ठेवतात. थंड ठेवणारे मोजणीत नसतात. सिकॅमोरमध्ये ५३ क्यूबिटच्या मधोमध त्यांना जोडणारे ८६ कपलर होते, तेही क्यूबिटच्या संख्येत धरलेले नाहीत. हे योग्यच आहे, पण दुसऱ्या कुणी असे घटक आकड्यात मिसळले असतील तर तुम्हाला ते ओळखता यायला हवं.

तपासणी: कोष्टकातल्या प्रत्येक आकड्यापुढे 'घडवलेले', 'चालणारे', 'धरलेले' किंवा 'लॉजिकल' यांपैकी एक शब्द लिहा. लिहिता येत नसेल तर मूळ कागद पुन्हा उघडा.

## टप्पा ३: त्रुटीदर काढा आणि गुणाकार करा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. तुलनेचा निकाल बहुधा याच टप्प्यात लागतो.

३.१ अचूकता टाका, त्रुटी लिहा. एका यंत्राची दोन-क्यूबिट गेटची अचूकता ९९.५ टक्के आणि दुसऱ्याची ९९.९ टक्के असेल, तर दोन्ही आकडे डोळ्यांना सारखेच भासतात. त्रुटी म्हणून लिहा: ०.५ टक्के आणि ०.१ टक्के. पाचपट फरक. कोष्टकात अचूकतेचा रकाना ठेवूच नका.

३.२ चार वेगवेगळ्या त्रुटी नोंदवा. एक-क्यूबिट गेटची, दोन-क्यूबिट गेटची, मापनाची (शेवटी क्यूबिट वाचताना होणारी), आणि क्यूबिट रिकामा थांबलेला असताना होणारी. पहिली बहुधा सर्वांत लहान असते. जाहिरातीत एकच अचूकता दिली असेल, तर ती याच गेटची असण्याची शक्यता धरून चाला. सर्किट बिघडवते ती मुख्यतः दुसरी.

३.३ हिशेब मांडा. दोन काल्पनिक यंत्रं घेऊ. 'अ' मध्ये १००० क्यूबिट, दोन-क्यूबिट गेटची त्रुटी ०.५ टक्के. 'ब' मध्ये ५० क्यूबिट, त्रुटी ०.१ टक्के. बाकी सगळ्या त्रुटी तूर्त शून्य धरू.

सर्किटच्या एका थरात सगळे क्यूबिट जोड्याजोड्यांनी वापरले, तर 'अ' मध्ये एका थरात ५०० गेट लागतात. सगळे बिनचूक पार पडण्याची शक्यता ०.९९५ चा ५०० वा घात, म्हणजे सुमारे ८ टक्के. एका थरात! दुसऱ्या थरानंतर ती एक टक्क्याच्याही खाली जाते. 'ब' मध्ये एका थरात २५ गेट. एका थरानंतर शक्यता साडेसत्त्याण्णव टक्के, आणि चाळीस थरांनंतरही सुमारे ३७ टक्के.

आता उलटा प्रश्न विचारा. शक्यता ३७ टक्क्यांपर्यंत खाली यायला किती गेट लागतात? १ भागिले त्रुटी, असा साधा ठोकताळा आहे. 'अ' साठी २००, 'ब' साठी १०००. जितके क्यूबिट तितकेच थर असं चौकोनी सर्किट घेतलं तर त्यात गेट असतात क्यूबिटच्या वर्गाच्या निम्मे. २०० गेटमध्ये बसतं २० गुणिले २० चं सर्किट. १००० गेटमध्ये बसतं साधारण ४५ गुणिले ४५ चं. म्हणजे या कामासाठी हजार क्यूबिटचं यंत्र वीस क्यूबिटचं ठरतं आणि पन्नासचं यंत्र पंचेचाळीसचं.

३.४ हिशेब खऱ्या यंत्रावर पडताळा. सिकॅमोरच्या सर्वांत मोठ्या सर्किटमध्ये ५३ क्यूबिट, १११३ एक-क्यूबिट गेट, ४३० दोन-क्यूबिट गेट आणि शेवटी प्रत्येक क्यूबिटचं मापन होतं. सगळे गेट एकाच वेळी चालू असताना त्रुटी अनुक्रमे ०.१६, ०.६२ आणि ३.८ टक्के. तिन्हींचा गुणाकार करून पाहा: ०.९९८४ चा १११३ वा घात, गुणिले ०.९९३८ चा ४३० वा, गुणिले ०.९६२ चा ५३ वा. उत्तर सुमारे ०.१५ टक्के येतं. निबंधातला अंदाज ०.२ टक्के आहे. इतक्या साध्या गुणाकाराने इतकं जवळ पोचता येतं, म्हणून हा टप्पा टाळायला काही सबब नाही. एकदा हे स्वतः करून पाहिलं की कोणत्याही नव्या घोषणेतला आकडा कागदावर उतरवून तपासण्याची सवय लागते.

३.५ त्रुटी एकट्याने मोजली की एकत्र? सिकॅमोरचाच दोन-क्यूबिट गेट एकेकटा चालवला तर त्रुटी ०.३६ टक्के होती. सगळे एकत्र चालवल्यावर ०.६२. शेजारचे क्यूबिट एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात आणि चिप मोठी होते तशी ती आवरणं कठीण होतं. एका यंत्राचा एकट्याने मोजलेला आणि दुसऱ्याचा एकत्र मोजलेला आकडा शेजारी ठेवलात, तर तुलना तिथेच फसली.

३.६ मध्यक की सर्वांत वाईट? मोठ्या चिपवर शेकडो जोड्या असतात आणि कंपनी बहुतेकदा त्यांचा मध्यक देते. त्यातल्या काही जोड्या मध्यकापेक्षा कितीतरी वाईट असू शकतात, एखादी बंदही असू शकते. तुमचं सर्किट सगळ्या चिपवर पसरणार असेल तर त्या वाईट जोड्या चुकवता येत नाहीत. दहा-वीस क्यूबिटचंच काम असेल तर चिपचा चांगला कोपरा निवडता येतो, आणि तिथे मोठ्या चिपला थोडा फायदाही मिळतो.

इशारा: वरचा गुणाकार संपूर्ण सर्किट बिनचूक चालण्याचा आहे. तुम्हाला फक्त एका-दोन क्यूबिटशी निगडित सरासरी हवी असेल, तर त्या उत्तरावर परिणाम करणारेच गेट मोजायचे, ते संख्येने कमी असतात. शिवाय अनेकदा चालवून गोंगाट, म्हणजे या चुकांचा परिणाम, वजा करण्याच्या पद्धती आहेत. २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटच्या ईगलवर ६० थरांची, २८८० सीनॉट गेटची (सीनॉट हा एक दोन-क्यूबिट गेट) सर्किटं याच मार्गाने चालवली होती. पण नेहमीच्या संगणकांवरही ती उत्तरं काढता येतात, हे पुढे थोड्याच काळात इतर गटांनी दाखवलं. आणि या पद्धतीत सर्किट वाढेल तशी चालवण्याची संख्या झपाट्याने वाढत जाते. 'मोठं सर्किट चाललं' असं वाचलं की गोंगाट कसा काढला ते विचारा.

## टप्पा ४: कोण कोणाला जोडलेला आहे

दोन क्यूबिटमध्ये गेट लावायचा तर ते शेजारी हवेत. नसतील तर स्वॅप करत करत, म्हणजे शेजाऱ्यांच्या अवस्थांची अदलाबदल करत, जवळ आणावे लागतात, आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट.

एका रेषेत मांडलेले क्यूबिट घ्या. पहिल्याला अकराव्याशी गेट लावायचा आहे. नऊ स्वॅप, म्हणजे २७ सीनॉट, आणि मग मूळ गेट. कागदावर एक दिसणारा गेट यंत्रावर २८ झाला. तिसऱ्या टप्प्यात 'अ' कडे २०० गेटची शिदोरी होती. असे सात गेट लावले की ती जवळजवळ संपलीच.

आयबीएमच्या हेवी-हेक्स (षटकोनी) मांडणीत एका क्यूबिटला जास्तीत जास्त तीन शेजारी असतात, गूगलच्या चौकोनी जाळीत चार. आयन ट्रॅप यंत्रांत, जिथे विद्युतभारित अणू (आयन) हेच क्यूबिट असतात, आयन हलवता येतात किंवा एकाच साखळीत असतात, म्हणून कोणत्याही दोघांत थेट गेट लागतो. न्यूट्रल ॲटम यंत्रांतही अणू उचलून दुसरीकडे नेता येतात.

करायचं काय, तर तुमचं सर्किट दोन्ही यंत्रांच्या नकाशावर कंपाइल करून, म्हणजे त्या यंत्राला चालणाऱ्या गेटमध्ये आणि जोडण्यांत बसवून, पाहायचं. त्यासाठी यंत्र लागत नाही. किस्किटसारखी मोफत साधनं मांडणी दिली की ते करून देतात. कंपाइल झाल्यावरची दोन-क्यूबिट गेटची संख्या घ्या आणि तीच टप्पा ३ च्या गुणाकारात घाला.

तपासणी: कंपाइल करण्यापूर्वीची गेटसंख्या वापरून काढलेला निष्कर्ष खोडा आणि पुन्हा हिशेब करा. चौकोनी जाळीवर नैसर्गिकपणे बसणारा प्रश्न असेल तर मात्र फरक नगण्य निघू शकतो. म्हणूनच प्रश्न आधी ठरवायला सांगितलं.

## टप्पा ५: वेळ

'आयनमधली क्वांटम अवस्था सेकंदानुसेकंद टिकते आणि सुपरकंडक्टिंग क्यूबिटमधली मायक्रोसेकंदांत विरते' अशी तुलना नेहमी वाचायला मिळते. आकडे खरे आहेत, तुलना अर्धवट. सुपरकंडक्टिंग यंत्रात (आयबीएम आणि गूगल यांच्या चिप या प्रकारच्या) दोन-क्यूबिट गेटला काही दहा ते काही शंभर नॅनोसेकंद लागतात, आयनमध्ये साधारण हजारपट किंवा त्याहून जास्त. म्हणून टिकण्याचा काळ भागिले गेटचा काळ हे गुणोत्तर लिहा, नुसता काळ लिहू नका.

मग एकूण वेळ काढा. समजा सर्किट शंभर थरांचं आहे आणि दहा हजार वेळा चालवायचं आहे. एका थराला १०० नॅनोसेकंद लागत असतील तर नुसत्या गेटचा वेळ होतो ०.१ सेकंद, त्यात मापन आणि रीसेट वाढतात. एका थराला एक मिलिसेकंद लागत असेल तर तोच वेळ १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं. एका उत्तरासाठी हे चालून जातं. पण दर फेरीनंतर सर्किटचे कोन बदलून शेकडो फेऱ्या कराव्या लागणाऱ्या पद्धतींत हाच फरक तासांचे दिवस करतो. आयन यंत्र कमी चुकतं आणि सावकाश चालतं, दोन्ही गोष्टी कोष्टकात शेजारी हव्यात.

## टप्पा ६: एकत्रित मापं वाचताना

क्यूबिट, त्रुटी आणि जोडणी एकत्र धरणारी काही मापं आहेत. सर्वांत परिचित क्वांटम व्हॉल्यूम. आयबीएमने मांडलेल्या या मापात चौकोनी यादृच्छिक सर्किटं चालवतात आणि जास्त संभाव्य असलेली उत्तरं दोन-तृतीयांशाहून अधिक वेळा येतात का ते पाहतात. टप्पा ३ मधलं आपलं २० आणि ४५ हे याच विचाराचं ढोबळ रूप.

इथली ठरलेली चूक म्हणजे आकडा जसाच्या तसा वाचणं. क्वांटम व्हॉल्यूम हा २ चा घात म्हणून सांगितला जातो. क्वांटिन्युअमच्या एच-१ यंत्राचा २०२४ मधला आकडा १०,४८,५७६ होता. दहा लाख! प्रत्यक्षात तो २ चा २० वा घात, म्हणजे २० गुणिले २० चं सर्किट यशस्वी झालं. यंत्रातही २० च क्यूबिट होते, त्यामुळे तिथे तो याहून वर जाऊच शकत नव्हता. व्हॉल्यूम दुप्पट झाला म्हणजे कामाच्या सर्किटमध्ये फक्त एक क्यूबिट आणि एक थर वाढला. कोष्टकात कायम घातांक लिहा: २०, २३, २५.

दुसरी मर्यादा अशी की बरोबर उत्तर ताडून पाहायला नेहमीच्या संगणकावर तेच सर्किट सोडवावं लागतं. पन्नासच्या आसपास ते अवघड होऊन बसतं. शेकडो क्यूबिटच्या यंत्रांसाठी म्हणूनच थरागणिक त्रुटी मोजणारी मापं पुढे आली. आयॉनक्यूचं 'अल्गोरिदमिक क्यूबिट' हे माप वेगळ्या सर्किटसंचावर बेतलेलं आहे. त्याची क्वांटम व्हॉल्यूमच्या घातांकाशी थेट बरोबरी लावू नका. आणि क्लॉप्स हे माप वेगाचं आहे, अचूकतेचं नाही.

इशारा: कंपनीने स्वतः निवडलेलं माप स्वतःच्या यंत्राला साजेसं असतं. दोन्ही यंत्रांसाठी एकच माप मिळालं तरच वापरा.

## टप्पा ७: लॉजिकल क्यूबिटचे दावे

प्रश्न आरएसएसारख्या लांब पल्ल्याचा असेल तर हा टप्पा मुख्य. छोट्या प्रयोगांचा असेल तर सोडून दिलात तरी चालेल.

'अमुक लॉजिकल क्यूबिट' असं वाचलं की चार प्रश्न विचारा.

किती भौतिक क्यूबिट लागले? सरफेस कोड ही चुका पकडण्याची एक पद्धत. कोडचं अंतर म्हणजे साठवलेली माहिती नकळत बिघडायला कमीत कमी किती क्यूबिट चुकावे लागतात तो आकडा. सरफेस कोडमध्ये हे अंतर जितकं, त्याच्या वर्गाच्या दुपटीतून एक वजा केला की भौतिक क्यूबिट मिळतात. अंतर ७ साठी ९७. गूगलच्या १०५ क्यूबिटच्या विलो चिपवर, डिसेंबर २०२४ मध्ये, पूरक क्यूबिट धरून १०१ लागले. म्हणजे जवळजवळ अख्खी चिप, एका लॉजिकल क्यूबिटसाठी.

कोड चुका दुरुस्त करतो की फक्त ओळखतो? हार्वर्ड आणि क्युएरा यांच्या गटाने डिसेंबर २०२३ मध्ये ४८ लॉजिकल क्यूबिट दाखवले. त्यासाठी आठ भौतिक क्यूबिटमध्ये तीन लॉजिकल बसवणारा, अंतर २ चा कोड वापरला होता. एकूण १२८ अणू. अंतर २ चा कोड चूक झाल्याचं सांगतो, कुठे झाली ते सांगत नाही. चूक दिसलेल्या फेऱ्या टाकून द्याव्या लागतात. विलोचा एक आणि हार्वर्डचे अठ्ठेचाळीस ही म्हणूनच तुलना नव्हे. दोन्ही प्रयोग मोठे आहेत आणि वेगवेगळ्या गोष्टी सिद्ध करतात.

किती फेऱ्या टाकल्या? शंभरातल्या पाच उरल्या असतील तर उरलेल्यांची अचूकता छान दिसणारच.

माहिती नुसती जपली, की तिच्यावर गणित केलं? विलोचा तो प्रयोग जपण्याचा होता. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कोडचं अंतर दोनने वाढवलं की लॉजिकल त्रुटी २.१४ पटीने घटली. अंतर ७ वर ती चुका तपासण्याच्या दर चक्राला ०.१४३ टक्के होती. हे दोन आकडे हाती आले की पुढचा हिशेब तुम्हीच करू शकता. दहा लाख चक्रांत एक चूक इथवर जायचं तर त्रुटी सुमारे १४३० पट घटवावी लागेल. २.१४ ने नऊदा भागून पुरत नाही, दहाव्यांदा भागावं लागतं. म्हणजे अंतर ७ अधिक २०, २७. भौतिक क्यूबिट १४५७, एका लॉजिकल क्यूबिटसाठी.

हा आकडा भौतिक त्रुटीवर अवलंबून आहे, हे विसरू नका. त्रुटी घटली की २.१४ वाढतो आणि १४५७ झपाट्याने खाली येतो. आरएसए-२०४८ साठी २०१९ च्या अंदाजात दोन कोटी गोंगाटी क्यूबिट आणि आठ तास धरले होते. २०२५ मध्ये क्रेग गिडनी यांच्या अंदाजात ते दहा लाखांच्या आत आले, वेळ मात्र आठवड्याच्या आसपास गेला. गेटची त्रुटी दोन्हीकडे ०.१ टक्केच धरली होती. बदलले ते अल्गोरिदम आणि कोड. म्हणून 'फोडायला इतके क्यूबिट लागतात' असं वाक्य वर्ष आणि गृहीतकांशिवाय लिहू नका.

## टप्पा ८: मांडणी

आता क्यूबिटचा रकाना भरा. क्रम असा ठेवा: यंत्राची जात, क्यूबिट कोणत्या प्रकारचे, दोन-क्यूबिट त्रुटी आणि ती एकत्र मोजली का, मापनाची त्रुटी, जोडणी, कंपाइल झाल्यावरची गेटसंख्या, अपेक्षित यशाची शक्यता, एकूण वेळ. कोष्टक क्यूबिटवरून नव्हे, तुमच्या प्रश्नाच्या उत्तरावरून लावा, म्हणजे बहुधा यशाच्या शक्यतेवरून. तुमच्या सर्किटला ३० क्यूबिट लागत असतील तर २० क्यूबिटचं यंत्र अर्थातच बाद, ते कितीही अचूक असो. संख्येचा उपयोग अशी चाळणी लावण्यासाठी आहे.

मांडताना हमखास घुसणाऱ्या काही गोष्टी बाहेर ठेवा:

* '३०० क्यूबिट म्हणजे दृश्य विश्वातल्या अणूंहून जास्त अवस्था.' अवस्था मोजणं बरोबर आहे, पण मापन केलं की हाती येतात ३०० बिटच. यावरून यंत्राची ताकद ठरत नाही.
* 'दोनशे सेकंदांत दहा हजार वर्षांचं काम.' सिकॅमोरच्या २०१९ च्या या दाव्यावर आयबीएमने लगेच सांगितलं होतं की महासंगणकाची साठवण नीट वापरली तर अडीच दिवस पुरतील. असा दावा द्यायचाच तर प्रतिदावाही सोबत द्या.
* आराखड्यातले भविष्यातले आकडे. आज चालणारं यंत्र आणि पुढच्या वर्षांचं उद्दिष्ट एका स्तंभात आले की वाचक दोन्ही खरे धरतो. उद्दिष्टांसाठी वेगळं कोष्टक करा.

प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा कोणत्या तारखेचा ते लिहा. एकाच यंत्राची त्रुटी कॅलिब्रेशनगणिक वरखाली होते, आज उत्तम असलेली जोडी उद्या बंद असू शकते. प्रत्यक्ष यंत्रावर काम चालवणार असाल तर त्याच दिवशीची कॅलिब्रेशनची नोंद उतरवून घ्या, टप्पा ३ चा गुणाकार पुन्हा करा, आणि नंतर आलेलं उत्तर त्या अंदाजाशी ताडा. अंदाज आणि उत्तर यांत फार तफावत असेल तर आधी मापनाची त्रुटी तपासा, मग एकत्र चालवल्यावर वाढलेली त्रुटी, आणि शेवटी कंपाइलरने केलेली क्यूबिटची निवड.